हिवाळ्यातलं मन, एडीएचडी आणि सकाळचा उजेड

आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत, ज्यांना चित्र दिसण्याशी फारसं देणंघेणं नाही. उजेड किती आहे, एवढंच त्या मेंदूला कळवत राहतात. त्या स्वतःच प्रकाश ओळखतात हे सिद्ध झालं 2002 साली, म्हणजे अगदी परवा-परवा! त्यांचा निरोप पोचतो मेंदूच्या तळाशी, सुमारे 20,000 चेतापेशींच्या इवल्याशा पुंजक्यात. हेच आपलं जैविक घड्याळ. बहुतेकांत त्याची फेरी 24 तासांहून किंचित लांब असते, आणि सकाळचा उजेड ती रोजच्या रोज जुळवून देतो.

आता लंडनचा डिसेंबर बघा. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा. लंडनमध्ये तो 8 तासही भरत नाही. माणसं अंधारात कामाला निघतात, अंधारातच परततात. काहींची झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, मन खचतं. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या डॉ. नॉर्मन रोझेन्थाल यांनी तिथल्या हिवाळ्यात ही मरगळ स्वतः अनुभवली. 1984 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन केलं आणि त्यावर चक्क प्रखर प्रकाशाचा उपचार करून पाहिला.

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं वेळेवर पार पाडणं जड जाणारी अवस्था, असलेल्यांत हे नैराश्य अधिक आढळतं. त्यांतल्या अनेकांचं घड्याळ मुळातच उशिराने चालतं: झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, झोप लांबते आणि सकाळचा मोलाचा उजेड अंथरुणातच हुकतो.

घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण 100 ते 500 लक्स. बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. म्हणून उठल्यावर थोडं चालून यावं, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने 10,000 लक्सच्या प्रकाशपेटीसमोर अर्धा तास बसावं, तिच्याकडे रोखून न बघता. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असेल, तर आधी विचारणं अत्यावश्यकच.

पण रोज न चुकता काही करणं, नेमकं तेच एडीएचडीत जड जातं. तो आळस नव्हे. म्हणून पेटी कपाटात ठेवू नये. चहाच्या किटलीशेजारी, कायम प्लगला लावलेली असावी. किटलीचं बटण दाबलं की पेटीचंही दाबायचं आणि चहा-नाश्ता तिच्यासमोरच करायचा. एखादा दिवस हुकला तर हुकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, आणि संध्याकाळ एकदम लवकर अंधारते. ही घडी त्याआधीच बसवावी. मन खचल्यावर नवी सवय लावणं कुणालाही कठीणच.