आवडती आणि नावडती क्रीडांगणे

बडोद्यात वाढलेल्या मुलाला क्रिकेटचे मैदान म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मोतीबागेत झाडाच्या सावलीत उभे राहून ज्याने एक सामना पाहिला, त्याला मैदानाचे वर्तुळ, मध्यावरील खेळपट्टी आणि सीमारेषा ही जन्मभर पाठ होतात. म्हणूनच गेल्या वर्षी, मुलीकडे अमेरिकेस जाऊन आल्यानंतर, वर्गात मी बेसबॉलच्या मैदानाची आकृती फळ्यावर काढली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, हे मैदान एका बाजूने कापल्यासारखे का दिसते?" प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर तासात पुरे झाले नाही, ते येथे पुरे करतो.

बेसबॉलमध्ये फलंदाज मैदानाच्या मध्यावर उभा राहत नाही, तो कोपऱ्यात उभा राहतो. त्याच्या पायांपासून दोन सरळ रेषा काटकोनात निघतात आणि त्या दोहोंच्या मधला पाव भाग एवढेच खेळाचे क्षेत्र. मागे किंवा कडेला मारलेला चेंडू व्यर्थ जातो. आपल्या क्रिकेटमधील लेट कट किंवा लेग ग्लान्स या नाजूक फटक्यांना तेथे कवडीचीही किंमत नाही, हे ऐकून आमचा कर्णधार खिन्न झाला होता! या पाचरीच्या टोकाशी प्रत्येकी ९० फूट बाजूंचा एक चौरस असतो व त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. चेंडू फेकणारा फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर उभा राहतो, म्हणजे आपल्या बावीस यार्डांहून साडेपाच फूट अलीकडे. ही मापे अमेरिकेतील कोणत्याही नामांकित मैदानावर टेप लावून पाहा, तीच निघतील.

परंतु चौरसापलीकडची गोष्ट निराळी. तेथे कुंपण किती दूर असावे, किती उंच असावे, सरळ असावे की वाकडे, हे प्रारंभी कोणी ठरवून दिलेच नव्हते. शहरात जेवढी जमीन मिळाली तेवढ्यात मैदान बसवावयाचे आणि जेथे रस्ता आडवा आला तेथे भिंत घालावयाची, अशी रीत होती. १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांसाठी किमान अंतराचा नियम झाला खरा, तथापि तोही अनेक ठिकाणी बाजूस सारला गेला. परिणाम असा की एका शहरात जो फटका थेट प्रेक्षकांत जाऊन पडतो, तोच दुसऱ्या शहरात क्षेत्ररक्षकाच्या हाती सुखाने विसावतो. क्रिकेटमध्येही सीमारेषा सर्वत्र सारख्या नसतात, हे खरे. पण बेसबॉलमध्ये या विषमतेला जे स्वभाववैचित्र्य आले आहे ते अन्यत्र विरळा. म्हणून तेथील लोक मैदानांविषयी माणसांविषयी बोलावे तसे बोलतात, आणि आवडती-नावडती यांवरून वादही घालतात.

माझे आवडते मैदान बॉस्टनचे फेनवे पार्क. ते २० एप्रिल १९१२ रोजी खुले झाले. टायटॅनिक बुडून तेव्हा पाचच दिवस झाले होते. अमेरिकेच्या दोन प्रमुख संघसमूहांची जी मैदाने आज वापरात आहेत त्यांत हे सर्वांत जुने. याच्या डाव्या बाजूस लॅन्सडाउन नावाचा रस्ता अगदी जवळून जातो. त्यामुळे डाव्या रेषेवर भिंत फलंदाजापासून अवघ्या ३१० फुटांवर आली. एवढ्या जवळच्या भिंतीवरून कोणीही चेंडू टोलवील, म्हणून ती उंच केली गेली. आज तिची उंची ३७ फूट २ इंच आहे आणि तिला लोक 'हिरवा राक्षस' म्हणतात. राक्षस हिरवा झाला तो १९४७ साली. त्यापूर्वी त्याच्या अंगावर साबण, दाढीची पाती इत्यादींच्या जाहिराती होत्या. भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे, आणि त्यावरील आकडे आजही आत बसलेली माणसे हाताने बदलतात.

या भिंतीने खेळाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. जो चेंडू इतर मैदानांवर झेल झाला असता तो येथे भिंतीवर आदळून परत येतो. उलट, जो सरळ, जोरकस, खालून जाणारा फटका अन्यत्र कुंपणापलीकडे गेला असता, तो येथे भिंतीच्या छाताडावर थांबतो. डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाला चेंडू कोणत्या पत्र्यावरून कसा उसळेल याचे ज्ञान वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मिळवावे लागते. उजवीकडे दूरवर, हिरव्या आसनांच्या रांगांत, एकच आसन तांबडे रंगविलेले आहे. १९४६ साली टेड विल्यम्सने मारलेला चेंडू ५०२ फूट जाऊन तेथे एका प्रेक्षकाच्या गवती हॅटवर आदळला होता. मी त्या आसनाकडे खालून पाहिले, आणि एवढ्या अंतरावर माणसाने लाकडी दांड्याने चेंडू पोहोचवावा हे डोळ्यांनी पाहूनही खरे वाटेना.

फेनवेत दोष नाहीत असे नाही. आसने अरुंद आहेत आणि काहींच्या समोर सज्जाचे लोखंडी खांब येतात. पण जुन्या वाड्यात डोके चौकटीला लागते म्हणून वाडा कोणी टाकून देत नाही.

दुसरे आवडते शिकागोचे रिग्ली फील्ड. ते १९१४ चे. त्याच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली आयव्हीची वेल लावली गेली, आणि आता भरउन्हाळ्यात ती भिंत पानांनी झाकून जाते. चेंडू वेलीत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो व फलंदाजाला दोन ठाणी मिळतात. क्षेत्ररक्षकाने मात्र पानांत हात घालून शोध सुरू केला तर ही सवलत जाण्याचा संभव असतो! येथे दिवे बसविण्याचे साहित्य १९४१ मध्येच आणले होते; पण त्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मालकाने ते युद्धकार्यासाठी देऊन टाकले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक हे मैदान दिव्यांवाचूनच राहिले. पहिला रात्रीचा सामना ८ ऑगस्ट १९८८ रोजी सुरू झाला आणि पावसाने तो अर्ध्यावरच धुऊन नेला. वरुणदेवालाही हा बदल मानवला नसावा. सामना संपल्यावर धावफलकावर निशाण चढते, विजयाचे पांढरे आणि पराभवाचे निळे. त्यामुळे कामावरून परतणारा माणूस आगगाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढून निकाल समजून घेतो. वर्तमानपत्राची वाट पाहणे नाही.

आता नावडत्यांकडे वळू. माझ्या दृष्टीने नावडते असे एकच मैदान नाही, तो एक वंशच आहे. १९६० नंतरच्या दशकात अनेक नगरपालिकांना वाटले की बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल यांसाठी दोन प्रेक्षागारे कशाला? एकच मोठे, गोल, सिमेंटचे बांधावे म्हणजे खर्च वाचेल. विचार वरवर शहाणपणाचा होता. परंतु फुटबॉलचे मैदान लांबट चौकोनी आणि बेसबॉलचे पाचरीसारखे. दोन्ही ज्यात मावतील असे वर्तुळ काढले तर ते दोघांनाही सैल होते, मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखे. बेसबॉलचा प्रेक्षक चौरसापासून दूर फेकला गेला, आणि बऱ्याच आसनांचे तोंड फलंदाजाकडे नसून मैदानाच्या रिकाम्या मध्याकडे झाले. त्यातून पुष्कळ ठिकाणी गवताऐवजी कृत्रिम हिरवा गालिचा अंथरला गेला. सेंट लुईस, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया ही चार शहरे निरनिराळी. पण त्यांची ही मैदाने एकाच साच्यातील मोदकांसारखी होती. २००१ ते २००५ या काळात ती चारही पाडली गेली. त्यांसाठी फारसे कोणी रडले असे दिसत नाही.

कृत्रिम गालिच्याची कथा मोठी उद्‌बोधक आहे. ह्यूस्टनला उकाडा आणि डास यांवर उपाय म्हणून १९६५ साली अ‍ॅस्ट्रोडोम नावाचे घुमटाकार छप्पर असलेले प्रेक्षागार उभारले गेले. आत खरे गवत लावले होते, म्हणून छपराला प्रकाश आत येऊ देणारी तावदाने बसविली. पण दिवसा त्या तावदानांच्या झगझगाटात वर गेलेला चेंडू खेळाडूंना दिसेना. तेव्हा तावदानांना रंग फासला. चेंडू दिसू लागला, पण ऊन न मिळाल्याने गवत मेले. मग १९६६ मध्ये गवताच्या जागी कारखान्यात विणलेले गवत आले. एक उपाय दुसऱ्या अपायास जन्म देतो, तो तिसऱ्या उपायास. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

सॅन फ्रान्सिस्कोचे कँडलस्टिक पार्क हे आणखी एक बदनाम मैदान. उपसागराच्या काठी, जेथे दुपारनंतर बोचरा वारा सुटतो, नेमके तेथेच ते १९६० मध्ये उभे राहिले. १९६१ च्या एका महत्त्वाच्या सामन्यात चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात असलेला स्टू मिलर वाऱ्याच्या झोताने डळमळला आणि नियमभंगाबद्दल दोषी ठरला. तरीही या मैदानाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अंतिम मालिकेचा सामना सुरू होण्याच्या बेतात असताना भूकंप झाला, आत साठ हजारांवर माणसे होती, आणि त्या कुरूप सिमेंटच्या राशीने त्यांना सांभाळले.

सौंदर्य आणि चांगुलपणा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला खरे कळले ते लॉस एंजेलिसमध्ये. तेथील डॉजर स्टेडियम १९६२ चे. टेकड्यांच्या कुशीत, मागे डोंगरांची निळी रांग, छप्पन हजार आसने आणि सायंकाळचा तो प्रकाश! मी ते सर्वांत आवडते म्हणून वहीत लिहूनही टाकले होते. नंतर त्याचा इतिहास वाचला. चावेझ रॅव्हिन नावाच्या त्या खोऱ्यात पालो व्हर्डे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या. १९५० मध्ये सरकारी घरकुल योजनेसाठी त्यांना उठण्यास सांगण्यात आले. बहुतेक घरे गेली, पुढे योजनाच रद्द झाली, आणि ती जमीन अखेरीस बेसबॉल संघाकडे आली. जी थोडी कुटुंबे चिकटून राहिली होती त्यांना ८ मे १९५९ रोजी पोलिसांनी घराबाहेर ओढून काढले. मैदानाच्या जागेचा इतिहास जाणल्यावर तेथील सूर्यास्त कमी सुंदर होतो का? होत नाही. परंतु वहीतील ती ओळ मी खोडली, हे खरे.

याच संघाचे पूर्वीचे घर ब्रुकलिनमधील एबेट्स फील्ड. १९१३ चे, लहानसे, दाटीवाटीचे. १९४७ च्या मार्चमध्ये आपल्या बडोद्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली, हे आमच्या पिढीला मुखोद्गत आहे. त्यानंतर महिनाभरानेच, १५ एप्रिलला, एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन खेळावयास उतरला आणि साठाहून अधिक वर्षे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद असलेले दार उघडले. अशी जागा जपून ठेवावी की नाही? संघ १९५७ च्या हंगामानंतर पश्चिमेस गेला, १९६० मध्ये मैदान पाडले गेले व तेथे निवासी इमारती झाल्या. न पाहताच आवडलेले मैदान म्हणून मी ते माझ्या यादीत ठेवले आहे.

गोल मैदानांचा काळ मोडला तो बाल्टिमोरने. १९९२ साली तेथे कॅम्डन यार्ड्स हे केवळ बेसबॉलसाठी बांधलेले मैदान खुले झाले. जागेवर रेल्वेची एक जुनी वखार होती, १,०१६ फूट लांब. ती पाडण्याऐवजी उजव्या बाजूची पार्श्वभूमी म्हणून राखली गेली. पुढे अनेक शहरांनी हा धडा गिरविला. काहींनी तो फारच गिरविला. मुद्दाम वाकडी केलेली कुंपणे पाहिली की नव्या घराला जुनेपणाचा रंग दिल्यासारखे वाटते. फेनवेची भिंत रस्त्यामुळे झाली, हौसेने नव्हे.

शेवटी ओकलंड. अमेरिकेत नावडत्या मैदानांची यादी कोणीही केली तरी तेथील कोलिसियम तीत बहुधा येईच. १९६६ चे हे प्रेक्षागार आधीच उघडेबोडके. त्यात १९९५-९६ मध्ये फुटबॉल संघाला परत आणण्यासाठी सिमेंटचा एक प्रचंड सज्जा उभारला गेला आणि टेकड्यांचे जे एक दर्शन होते तेही गेले. २०१३ मध्ये गटाराचे पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरल्याचे वृत्त देशभर पसरले. मीही ते नावडत्यांत अग्रस्थानी घातले होते. पण नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, तसे तर माझे झाले नाही ना, अशी शंका मला पुढे आली. मालकाने संघ हलविण्याचे ठरविले आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी तेथे अखेरचा सामना झाला. एरवी रिकाम्या राहणाऱ्या त्या प्रेक्षागारात त्या दुपारी ४६,८८९ माणसे आली. ढोल वाजले, आजोबांनी नातवंडांना आपली नेहमीची बाके दाखविली, आणि सामना संपल्यावर लोक कुंपणापाशी गर्दी करून उभे राहिले. मैदानाच्या कडेची तांबडी माती कागदी पेल्यांत भरून ते घरी नेत होते.