रस्ता बंद होण्यापूर्वी : धान्यपुरवठ्याच्या साखळीतील जोखीम आणि अनिश्चितता

पंजाब वा मध्य प्रदेशातील शेतकऱ्याच्या खळ्यावरून निघालेला गहू महाराष्ट्रातील एखाद्या दुर्गम पाड्यावर पोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. खरेदी केंद्र, भारतीय अन्न महामंडळाचे गोदाम, रेल्वेच्या वाघिणी, तालुक्याचे शासकीय गोदाम, द्वारपोच वाहतुकीचा ट्रक आणि अखेरीस रास्त भाव दुकान अशा या साखळीच्या कड्या आहेत. पहिल्या पाच कड्यांनी आपले काम चोख बजावले आणि शेवटच्या दहा किलोमीटरवरील नाल्याला पूर आला, तर शिधापत्रिकाधारकाच्या दृष्टीने सारी साखळीच तुटलेली असते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क देण्यात आला आहे. हा हक्क जुलै महिन्यातही तितकाच खरा ठरावयाचा असेल, तर पुरवठ्यात येणाऱ्या अडथळ्यांचा विचार आधीच झाला पाहिजे.

जोखीम आणि अनिश्चितता

व्यवहारात हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली त्यांतील भेद स्पष्ट केला. जिच्या शक्यतेचे गणित मांडता येते ती जोखीम. जिचे गणितच मांडता येत नाही ती अनिश्चितता. मेळघाटातील किंवा भामरागड परिसरातील नदीनाले पावसाळ्यात वाहतूक अडवितात, हे पूर्वानुभवावरून ठाऊक असते. ही जोखीम होय. याउलट, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्यात एस. टी. बसगाड्यांतील प्रवासी प्राणास मुकले. ती दुर्घटना त्याच रात्री घडेल असे कोणत्याही गणिताने सांगितले नसते. मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीही अशीच अकल्पित होती.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. जोखमीवर उपाय हिशेबाने करावयाचा असतो. अनिश्चिततेवर उपाय म्हणजे राखीव साठा आणि पर्यायी मार्ग. सावित्री नदीवर शेजारीच दुसरा, नवा पूल होता, म्हणून मुंबई-गोवा महामार्गावरील वाहतूक त्यावरून पुढे चालू ठेवता आली. एरवी जादा वाटणारी सोय प्रसंगी कशी उपयोगी पडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

सरासरीवर विसंबू नये

साठ्याचे नियोजन करताना होणारी नेहमीची चूक म्हणजे सरासरीवर भिस्त ठेवणे. उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. एका दुकानात मागणी नोंदविल्यापासून नऊ वेळा सहा दिवसांत धान्य पोचले आणि दहाव्या वेळी, पुरामुळे, छत्तीस दिवसांनी पोचले. दहा खेपांची सरासरी नऊ दिवस येते. या सरासरीनुसार नऊ दिवसांचा साठा ठेवला, तर नऊ वेळा तो पुरून उरेल. मात्र दहाव्या वेळी सत्तावीस दिवस दुकान रिकामे राहील. कागदावरील सरासरी उत्तम आणि चुली मात्र थंड, अशी ही स्थिती होय. म्हणून साठा ठरविताना सर्वसाधारण विलंब किती होतो एवढेच न विचारता, आजवर झालेला सर्वांत मोठा विलंब किती होता, हे विचारले पाहिजे.

अर्थात, साठा जितका अधिक तितका चांगला, असेही नाही. साठवलेल्या धान्यात पैसा अडकतो. त्याला ओल लागते, सोंडे व उंदीर यांचा उपद्रव होतो आणि अपहाराचा मोहही वाढतो. त्यामुळे किती साठा ठेवावा याइतकाच तो कोठे ठेवावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

साठा कोठे ठेवावा ?

समजा, एका तालुक्यात समान मागणीची सोळा दुकाने आहेत आणि अचानक वाढणाऱ्या गरजेसाठी प्रत्येकाने ५ क्विंटल राखीव धान्य ठेवावयाचे, तर एकूण ८० क्विंटल लागतील. परंतु सर्व गावांत एकाच वेळी टंचाई पडत नाही. एका गावाची गरज वाढते, तेव्हा दुसऱ्या गावाची कमी झालेली असते. प्रत्येक गावातील चढउतार स्वतंत्र असतील, तर संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे राखीव साठा दुकानांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात पुरतो. सोळाचे वर्गमूळ चार. म्हणजे तालुक्याच्या गोदामात २० क्विंटलचा एकच सामाईक साठा ठेवल्यास तेवढेच संरक्षण मिळते. सामाईक साठ्याने खर्च वाचतो तो असा.

मात्र या हिशेबाची अट विसरता कामा नये. टंचाई सुटी सुटी येत असेल तरच हा नियम लागू पडतो. जोरदार पावसात एकाच खोऱ्यातील सोळाही गावांचे रस्ते एकदम बंद झाले, तर तालुक्याच्या गोदामातील धान्य, ते कितीही असले तरी, कोणाच्याच उपयोगी पडत नाही. संकट एकेकट्यावर येते की सर्वांवर एकदम येते, या प्रश्नाच्या उत्तरावर साठ्याची जागा ठरते. पहिल्या प्रकारात साठा मध्यवर्ती ठेवावा; दुसऱ्या प्रकारात तो रस्ता बंद होण्यापूर्वी गावातच पोचवावा.

महाराष्ट्रात १९९५ पासून आदिवासी भागांसाठी राबविण्यात येणाऱ्या नवसंजीवन योजनेत हेच तत्त्व अंगीकारलेले दिसते. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे धान्य पावसाळ्यापूर्वी पोचविण्याची तरतूद या योजनेत आहे. ज्या गावाची मासिक गरज ३० क्विंटल असेल, तेथे १२० क्विंटल, म्हणजे ५० किलोची २४० पोती आधीच पोचली पाहिजेत. साहजिकच, एवढ्या पोत्यांना कोरडी जागा आहे काय, याची पाहणी एप्रिलमध्ये व्हावी लागते, जूनमध्ये नव्हे.

देशाच्या पातळीवरील राखीव साठा

राखीव साठ्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याने निम्मे धान्य जनपदावरील आपत्तीसाठी राखावे, उरलेले वापरावे आणि जुन्याच्या जागी नवे भरत जावे, असे सांगितले आहे. स्वातंत्र्योत्तर काळात १९६५ व १९६६ या दोन अवर्षणाच्या वर्षांनी हा धडा पुन्हा दिला. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. बंदरात जहाज लागले की धान्य जवळजवळ थेट ताटात जाई, अशी तेव्हाची अवस्था होती. भारतीय अन्न महामंडळाची स्थापना १९६५ सालीच झाली आणि पुढे राखीव साठ्याचे धोरण आकारास आले.

जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने निश्चित केलेल्या प्रमाणांनुसार मध्यवर्ती साठ्यात १ एप्रिल रोजी २१०.४० लाख टन, तर १ जुलै रोजी ४११.२० लाख टन गहू व तांदूळ असावा, असे ठरविण्यात आले. गव्हाची खरेदी एप्रिलपासून सुरू होत असल्याने वर्षातील निरनिराळ्या तारखांना ही पातळी वेगवेगळी राहते. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिलपासून दरमहा प्रतिव्यक्ती ५ किलो जादा धान्य मोफत देता आले, ते गोदामांत साठा होता म्हणूनच.

अफवा आणि वाढती मागणी

पुरवठा सुरळीत असतानाही टंचाई निर्माण होऊ शकते. ग्राहकाने भीतीपोटी थोडे अधिक घेतले की दुकानदार त्याहून अधिक मागतो, घाऊक व्यापारी त्याहूनही अधिक. साखळीत मागे जावे तसतसा हा फुगवटा वाढतो. जे फॉरेस्टर या अमेरिकन अभ्यासकांनी १९६१ साली औद्योगिक पुरवठ्याच्या संदर्भात या क्रियेची मांडणी केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतातील काही शहरांत मीठ संपल्याच्या अफवेने दुकानांपुढे गर्दी उसळली; प्रत्यक्षात मिठाच्या उत्पादनात काहीच खंड पडला नव्हता. यावर उपाय म्हणजे खरी माहिती. गावात किती साठा आहे, हे दुकानाच्या फलकावर स्पष्ट लिहिलेले असेल, तर अफवेला वाव राहत नाही. ई-पॉस यंत्रावरील वितरणाच्या नोंदींमुळे प्रत्यक्ष खप वरिष्ठ कार्यालयास कळू शकतो. मात्र त्या नोंदी पाहून वेळीच निर्णय घेतला गेला, तरच त्यांचा उपयोग.

नाशवंत मालाची गोष्ट निराळी

धान्य साठविता येते, दूध साठविता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला, तेव्हा दुधाचे संकलन व मुंबई-पुण्याकडील पुरवठा या दोहोंना फटका बसला. अशा मालासाठी साठ्याऐवजी शीतकरणाची सोय, पर्यायी रस्ता आणि एकाहून अधिक भागांतून होणारा पुरवठा हेच उपाय होत.

गावपातळीवर काय करता येईल ?

सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम दक्षता समितीने एप्रिल महिन्यात तीन गोष्टी पडताळाव्यात. गेल्या काही वर्षांत रस्ता सर्वांत अधिक किती दिवस बंद राहिला. तितके दिवस पुरेल इतके धान्य ठेवण्यास कोरडी जागा आहे काय. आणि नेहमीचा मार्ग बंद झाल्यास दुसरा कोणता आहे. पोती जमिनीपासून उंच, लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दूर रचावीत आणि आधी आलेले धान्य आधी वाटावे.

शिक्षकांनीही शालेय पोषण आहाराचा हिशेब याच पद्धतीने ठेवावा. प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम धान्य या प्रमाणाने ६० मुलांच्या शाळेस २४ दिवसांसाठी १४४ किलो धान्य लागते. चालू महिन्याच्या धान्याखेरीज आणखी एका महिन्याचे धान्य शिल्लक असेल, तर खेप चुकली तरी मुलांचे ताट रिकामे राहणार नाही.

हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद अधिनियमात आहे. परंतु वाट बंद झालेल्या पाड्यावर हाती आलेल्या रोख रकमेने धान्य विकत मिळेलच असे नाही. तेथे पावसाळ्यातील चार महिन्यांची खरी हमी म्हणजे मे महिन्यात गावात उतरलेली पोती. पाऊस केव्हा व किती पडेल हे कोणाच्या हाती नसले, तरी पोती केव्हा उतरावीत हे ठरविणे आपल्याच हाती आहे.