पाणी वाचवा, पण हात धुवा!

जुलै महिन्यातली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात बाळकुमहून एक आई दुसरीतल्या मुलाला घेऊन आली. दोन दिवसांपासून जुलाब, तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले. तपासताना मी त्याला विचारलं, ‘‘शौचाला जाऊन आल्यावर साबणाने हात धुतोस ना?’’ तो म्हणाला, ‘‘नुसती बोटं भिजवतो. बाईंनी पाणी वाचवायला सांगितलंय.’’

आई ओशाळली. पण मुलाचं काय चुकलं? त्याने सांगितलेलं ऐकलं होतं. आपणच त्याला अर्धा धडा शिकवला होता. जलसंजीवनीने तो दोन दिवसांत बरा झाला; उरलेला अर्धा धडा मात्र सगळ्याच मुलांना शिकवायला हवा.

बाळकुमच्या मुलांना नदी पुस्तकात शोधावी लागत नाही. भिवंडीकडे जाताना कशेळीच्या पुलाखाली दिसते ती उल्हास नदीची खाडी. ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण करत इथवर येते. वाटेत काळू आणि भातसा नद्यांचं पाणी तिला मिळतं. ठाणे शहराच्या नळांना येणारं बरंचसं पाणी याच भातसेचं. म्हणजे घरातला नळ हे नदीचंच एक टोक आहे. ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही मुलांना सांगावं. मग ‘पाणी वाचवा’ ही नुसती घोषणा उरत नाही.

वर टाकलेलं खाली वाहत येतं, हा नदीचा दुसरा धडा. उल्हासला मिळणाऱ्या वालधुनी नदीत 2014 मध्ये घातक रसायनं सोडली गेली आणि उल्हासनगरातल्या शेकडो रहिवाशांना मळमळ व श्वास घेण्याचा त्रास होऊन रुग्णालय गाठावं लागलं. नदी आजारी पडली की काठची माणसंही आजारी पडतात. पावसाळ्यात कावीळ, विषमज्वर आणि गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात, तेव्हा आम्ही डॉक्टर हेच पाहत असतो.

आता हात धुण्याचा हिशेब. मुलांनाच करू द्या. एक लिटरची बाटली नळाखाली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजा. समजा, 10 सेकंदांत भरली. नळ चालू ठेवून अर्धा मिनिट हात धुतले तर 3 लिटर पाणी जातं. हात भिजवून नळ बंद केला, 20 सेकंद साबण चोळला आणि मग पुन्हा नळ सोडून हात धुतले, तर काम सव्वा लिटरच्या आसपास होतं. स्वच्छता तीच, पाणी निम्म्याहून कमी. साबणाने हात धुण्याच्या सवयीमुळे मुलांमधले जुलाब सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून इथे काटकसर पाण्याची करायची, साबणाची आणि वेळेची नाही.

पिण्याच्या पाण्यातही काटकसर नको. शाळेतलं स्वच्छतागृह नकोसं वाटतं म्हणून मुलं, विशेषतः मुली, पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठता आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजावं. केरळच्या शाळांमध्ये 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू झाली. आपल्याकडेही प्रत्येक शाळेला हे सहज जमेल.

मग पाणी वाचवायचं कुठे? गळक्या नळापासून सुरुवात करा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब, चार लिटरहून अधिक पाणी! दात घासताना नळ बंद. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना. शाळेतून परत आलेलं बाटलीतलं पाणीही कुंडीत. आणि काल भरलेला हंडा ‘शिळं पाणी’ म्हणून सकाळी ओतून देऊ नका. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं, ओगराळ्याने काढलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही पिता येतं.

साठवलेल्या पाण्याबाबत एक सावधगिरी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून पिंपं घट्ट झाकावीत. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून आतून घासावीत आणि कोरडी करावीत. अंडी भांड्याच्या कडांना चिकटलेली असतात, नुसतं विसळून ती जात नाहीत. काढलेलं पाणी लादी पुसायला किंवा संडासात वापरता येतं.

तो मुलगा फेरतपासणीला आला तेव्हा मी त्याला बेसिनपाशी नेलं. त्याने हात भिजवले, नळ बंद केला, मोठ्याने वीसपर्यंत आकडे म्हणत साबण चोळला आणि मगच नळ सोडला. शेजारी उभी असलेली त्याची आईही आकडे म्हणत होती. तुमच्या घरातही आज एकदा हे करून पाहा.