बिनतारी डिमर : गिऱ्हाईकाला आधी काय सांगाल?

विजेच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या आणि वायरिंगची कामे घेणाऱ्या तरुणांकडे हल्ली एक नवी मागणी येते. नवे घर घेतलेले गिऱ्हाईक म्हणते, "दिव्याचा उजेड मोबाईलवरून कमी-जास्त करता आला पाहिजे." त्यासाठी बिनतारी डिमर स्विच लागतो. काम वरवर सोपे दिसते. पण चार दिवसांनी दिवा लुकलुकू लागला, तर तक्रार कारखानदाराकडे जात नाही, बसवणाऱ्याच्या दारात येते. म्हणून हाती पाना घेण्यापूर्वी काय तपासावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

आधी डिमरचे काम समजून घेऊ. जुने डिमर विजेला नुसता अडथळा करीत. उजेड कमी होई, पण उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाई. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ साली घरगुती वापराचा इलेक्ट्रॉनिक डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये लुट्रॉन ही कंपनी सुरू केली. असा डिमर वीज अडवत नाही, तिचे तुकडे करतो. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची व सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या आवर्तनांची आहे. डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग कापतो आणि उरलेला दिव्याकडे जाऊ देतो. बिनतारी डिमरमध्ये भर पडते ती एका लहानशा रेडिओची. तो मोबाईलचा किंवा रिमोटचा हुकूम ऐकतो.

पहिली तपासणी दिव्याची. जुन्या बल्बची तार तापलेली राहत असे, त्यामुळे कापलेली वीज तिला चालत असे. एलईडी दिव्यात मात्र स्वतंत्र ड्रायव्हर असतो. साध्या ड्रायव्हरला कापलेली वीज मिळाली की दिवा लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो. खोक्यावर 'डिमेबल' असे छापलेले असेल तोच दिवा घ्यावा. ज्या दिव्याच्या आतच रेडिओ आहे, तो 'स्मार्ट' दिवा अशा डिमरवर कधीही लावू नये.

दुसरी तपासणी न्यूट्रलची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. दिवा बंद असतानाही रेडिओला जागे राहावे लागते. त्यासाठी बहुतेक बिनतारी डिमरना फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. ज्या बोर्डात प्लगचा सॉकेट आहे तेथे न्यूट्रल आलेला असतो. पलंगाजवळच्या किंवा जिन्यातल्या सुट्या स्विचपाशी तो बहुधा नसतो. अशा वेळी काही जण अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून जोडतात. हे जिवाशी खेळणे आहे, ते कदापि करू नये. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल आणून जोडला तर आरसीसीबी पडत राहील. न्यूट्रलशिवाय चालणारे डिमर मिळतात. ते दिव्यातूनच थोडी वीज खेचतात. त्यामुळे बंद केलेला एलईडी रात्री मंद पेटलेला दिसू शकतो. त्यावर उपाय म्हणून दिव्यापाशी 'बायपास' जोडावा लागतो. ही कामे परवानाधारक वायरमननेच, मेन स्विच बंद करून करावीत.

तिसरी तपासणी भाराची. डिमरवर वॉटचे दोन आकडे असू शकतात, एक जुन्या बल्बसाठी आणि दुसरा एलईडीसाठी. एलईडीचा आकडा बराच लहान असतो, तोच धरावा. किमान भारही वाचावा. ४० वॉट किमान मागणाऱ्या डिमरवर ९ वॉटचा एकच दिवा नीट चालणार नाही. दिव्याच्या डिमरवर पंखा लावू नये. नव्या बीएलडीसी पंख्याला तर बहुधा साधा रेग्युलेटरही चालत नाही.

कोकणातील आणि मुंबईतील अनेक घरांत आखातातून किंवा अमेरिकेतून नातेवाईक अशा वस्तू आणतात. अमेरिकेतील १२० व्होल्टचा डिमर आपल्या २३० व्होल्टवर टिकणार नाही. दुबईचा व्होल्टेज जुळतो, पण तेथील ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी डबा आपल्या मॉड्युलर बोर्डात बसत नाही. वाय-फाय आणि झिग्बी यांची २.४ गिगाहर्ट्झची लहर सर्वत्र चालते. झेड-वेव्हची मात्र देशागणिक बदलते. भारतात ती ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे बाहेरचा स्विच येथल्या यंत्राशी बोलणार नाही.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. काही डिमर मोबाईलचा हुकूम कंपनीच्या दूरच्या संगणकामार्फत घेतात. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील इन्स्टिऑन कंपनीचे संगणक पूर्वसूचनेशिवाय बंद पडले आणि ग्राहकांचे मोबाईलवरचे नियंत्रण गेले. त्याच वर्षी जूनमध्ये काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. यावरून धडा असा की, इंटरनेट नसतानाही भिंतीवरच्या बटणाने चालेल असाच डिमर सुचवावा.

शेवटी हिशेब. "विजेचे बिल घटेल" असे सांगून डिमर विकू नये. ९ वॉटचा दिवा रोज पाच तास अर्ध्या उजेडावर ठेवला, तर वर्षाला सुमारे ८ युनिट वाचतात. डिमरचा रेडिओ अर्धा वॉट जरी घेत असला, तरी वर्षाला ४ युनिट त्यातच जातात. डिमरचा खरा फायदा सोयीचा आहे. रात्री उठणाऱ्या वृद्धाला, तान्ह्या बाळाच्या आईला, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला मंद उजेड हाताशी मिळतो. ज्याला ही गरज आहे त्याला अवश्य विकावा. ज्याला नाही त्याला साधा स्विच पुरेसा आहे, हे मोकळेपणाने सांगावे. एका डिमरचा नफा बुडेल, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या घराचे पूर्ण वायरिंग तुमच्याकडे घेऊन येईल.