ट्रॉली कोणी आणायची?

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मानेतल्या, छातीतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. औषध थेट रक्तात पोहोचतं. नळी घालताना हयगय झाली तर जंतूही त्याच वाटेनं आत शिरतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली यावर पाच कलमं कागदावर उतरवली. हात धुवा. क्लोरहेक्सिडिननं त्वचा पुसा. रुग्णाला निर्जंतुक कापडानं पूर्ण झाका, स्वतःही टोपी-मास्क-गाऊन घाला. जांघेतली शीर शक्यतो टाळा. गरज संपली की नळी काढा. यातलं एकही कलम तिथल्या डॉक्टरांना नवं नव्हतं.

तरी ती पाळली जात नव्हती. अशा वेळी परिपत्रक काढायचं आणि मीटिंगमध्ये झाडाझडती घ्यायची, ही आपली ठरलेली रीत. प्रोनोव्होस्ट यांनी आधी सिस्टरना महिनाभर नुसतं बघायला आणि नोंदवायला सांगितलं. एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत एखादं तरी कलम सुटत होतं. कारण शोधताना कळलं, की लागणारं सामान सात-आठ ठिकाणी विखुरलेलं होतं. गाऊन एका कपाटात, कापड दुसरीकडे. मध्यरात्री रुग्ण खालावत असताना निवासी डॉक्टर जे हाताशी मिळेल त्यावर भागवणार, हे उघड आहे. मग सगळं सामान एकाच ट्रॉलीत भरून ती विभागात ठेवली गेली.

दुसरा बदल याहून अवघड होता. डॉक्टरनं एखादं कलम गाळलं तर सिस्टरनं त्यांना तिथेच थांबवायचं, आणि प्रशासन तिच्या पाठीशी उभं राहणार. ‘सर, थांबा’ हे दोन शब्द उच्चारणं किती जड जातं, ते कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टरला विचारावं.

पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांनी हेच काम हाती घेतलं. प्रत्येक विभागाला रुग्णालयाचा एक वरिष्ठ अधिकारी नेमून दिला होता. हे अधिकारी विभागात फिरू लागले तेव्हा दिसलं, की क्लोरहेक्सिडिन एक तृतीयांश विभागांतही ठेवलेलं नव्हतं. खरेदी सिस्टरच्या हातात नसते. साहेबांनी मनावर घेतलं आणि काही आठवड्यांत ते सगळीकडे पोहोचलं. नळी असलेल्या दर १,००० दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होत, ते दीड वर्षात १.४ वर आले. २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर चेकलिस्टची लाट आली.

लाटेत कागद तेवढा पोहोचला. कॅनडातल्या ऑन्टारियोत शस्त्रक्रियेची चेकलिस्ट सक्तीची झाली. १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. टिकमार्क मात्र बहुतेक सगळीकडे झाले होते! मिशिगनच्या यशाचा माग काढणाऱ्या मेरी डिक्सन-वुड्स आणि सहकाऱ्यांनाही दिसलं ते हेच, की चेकलिस्ट एकटीच्या बळावर काही करत नव्हती. विभागांचं एकमेकांशी जोडलं जाणं, दर महिन्याला समोर येणारे आपले आकडे, त्यातून वाटणारी लाज आणि चुरस, हे तिच्यामागे उभं होतं.

मग असं काम चालवायला शिकायचं कुठे? जागतिक आरोग्य संघटनेचं आग्नेय आशिया कार्यालय आणि दिल्लीचं एम्स यांचा यासाठी एक अभ्यासक्रम आहे. प्रश्न निवडून टीम बांधा, कारण शोधा आणि मोजा, बदल करून पाहा, टिकवा; अशा त्याच्या चार पायऱ्या. माझ्या मते खरी कसोटी पहिलीच. ‘सेवेचा दर्जा सुधारणे’ हे ध्येय सरकारी फाइलीत शोभतं, कारण ते कधीच फसत नाही. ‘जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण आठ आठवड्यांत निम्म्यावरून ऐंशी टक्क्यांवर’ असं लिहिलं की फजितीची तारीखही ठरते.

समजा, पाजायला उशीर होण्याचं कारण निघालं की वजनकाटा शेजारच्या खोलीत आहे आणि बाळ तिकडेच अडकून पडतं. काटा हलवायचा, पण आधी एकाच पाळीत, एका सिस्टरच्या हाताखाली, दोन-तीन बाळंतिणींपुरता. जमलं नाही तर नुकसान एका पाळीचं. जमलं तर पुढची पाळी, मग पूर्ण वॉर्ड. आकडे रोज भिंतीवरच्या आलेखात भरायचे, आयांनाही दिसतील असे. आणि टीमच्या प्रमुखानं पहिल्याच आठवड्यात आलेख भरायला दुसरं माणूस तयार करायचं, कारण बदल्यांचा हंगाम आला की पहिली सिस्टर जाणारच.