पिवळ्या बागेचीही सवय करू या

उन्हाळ्यात पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांत टँकर सुरू होतात, तरी लॉनवरची नळी काही थांबत नाही. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हात रोज ५ मिलिमीटर उडून जातं असं धरलं, तर हजार चौरस फुटांच्या लॉनला दिवसाला साडेचारशे लिटरहून जास्त पाणी हवं. हरळीला नुसतं जगायला एवढं लागतच नाही. पाणी तोडलं की ती पिवळी पडते, जमिनीत दडी मारते आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. आपण पाणी घालतो ते तिच्या हिरव्या रंगासाठी! त्यात सतत कापणी; पानं खुरटी राहिली की मुळंही वरवरच राहतात.

झुपक्यानं वाढणाऱ्या उंच गवतांचं तसं नसतं. वाळा घ्या. माठात आपण टाकतो ती त्याची मुळं मोकळ्या जमिनीत ३ मीटरपर्यंत सरळ खाली जातात. उतारावर ओळीनं लावला तर मातीही धरून ठेवतो. गवती चहा तर घरोघरी असतोच, पण त्याला जरा जास्त पाणी लागतं. खऱ्या कोरड्या जागेसाठी माळरानावरची मंडळी बरी: पवना, मारवेल, कुसळी. यांची पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून एका जागी दाट करतात. त्यामुळे पानांवरची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी कमी उडतं. कुसळी मात्र मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांबच लावा. तिची कुसळं कपड्यांत घुसली की आयांचे शिव्याशाप ठरलेले.

नर्सरीत मिळणाऱ्या ‘फाउंटन ग्रास’बद्दल मी जरा कडवट आहे. दिसतं देखणं, पण हे आफ्रिकेतलं गवत शोभेसाठी म्हणून हवाईला नेलं आणि बी उडून ते लाव्हाच्या माळांवर पसरलं. वणवेही त्यानं वाढवले. तिथं त्यानं ज्या गवतांना मागे रेटलं, त्यात ‘पिली’ आहे. घरं शाकारायला तिथले लोक वापरत ते हे गवत, म्हणजे आपली कुसळीच.

न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ साली ‘हाय लाइन’ बाग खुली झाली. तिची लागवड आखणारे डच बागकार पीट आउडोल्फ वाळलेली गवतं हिवाळाभर तशीच उभी ठेवतात. आपल्याकडे ते दिवस नोव्हेंबर ते मे. बाग सोनेरी, मग करडी होईल. समितीच्या बैठकीत ‘बाग मेली’ अशी तक्रार येईल, तेव्हा सदस्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कामं थोडीच. पावसाच्या सुरुवातीला ठोंब लावायचे, दीड-दोन फूट अंतरावर. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यावं लागतं, मुळं खाली गेली की तेही जवळपास बंद. वर्षातून एकदा सगळं वीतभर ठेवून कापायचं. भिंतीलगत किंवा वाहनतळाजवळ गवत असेल तर ही कापणी मेपर्यंत लांबवू नका, वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. कापलेलं जाळू नका, झाडांच्या आळ्यांत पसरा. झुपका मधून पोकळ झाला की फोडून नवे ठोंब करायचे. मारवेल नर्सरीत मिळेलच असं नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं त्याचे वाण चाऱ्यासाठी काढले आहेत, तेव्हा दूधवाल्या शेतकऱ्याकडे विचारून पाहा.