दगड मारणाऱ्याच्या घरातली बंदूक

नोव्हेंबर २०१५ मधली गोष्ट. पॅरिसमध्ये दहशतवाद्यांनी शंभराहून अधिक निरपराधांचे जीव घेतले, त्याला काही तासच झाले होते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मेरिडन नावाचे शहर आहे. तिथल्या मशिदीच्या शेजारी राहणारा एक माणूस, पूर्वी मरीन दलात नोकरी केलेला, रात्री दारूच्या नशेत घरी आला आणि रायफल काढून त्याने मशिदीच्या दिशेने गोळ्या झाडल्या. आत कोणी नव्हते, म्हणून फक्त भिंतीला भोके पडली.

पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला सहा महिन्यांची कैद झाली. पण तुरुंगात जाण्याआधी तो त्याच मशिदीत आला, सर्वांसमोर उभा राहिला आणि माफी मागितली. इतकी वर्षे शेजारी राहून एकदाही आपण यांचे दार वाजवले नाही, याची खंत त्याने बोलून दाखवली. नमाजी मंडळींनी त्याला माफ केले. हा किस्सा आपल्याकडे माफीची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. आम्हाला मात्र आज त्या रायफलीबद्दल लिहायचे आहे.

मशिदीच्या लोकांनी त्याला माफ केले तरी कायद्याने त्याला बंदूक परत दिली नाही. अमेरिकेत १९६८ पासून केंद्राचा कायदा असा आहे की, ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते, त्यात दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. अशा गंभीर गुन्ह्याला तिकडे ‘फेलनी’ म्हणतात. धर्मस्थळावर गोळीबार हा त्यातलाच गुन्हा. म्हणजे इथे व्यवस्थेने काम केले.

आता समजा, दुसऱ्या एखाद्या राज्यात कोणी हिजाब घातलेल्या बाईला शिव्या देऊन ढकलले, किंवा मशिदीच्या काचेवर दगड मारला. न्यायालयाने हा द्वेषातून केलेला गुन्हा आहे असेही ठरवले. पण पुष्कळदा असे प्रकरण ‘मिसडिमीनर’ म्हणजे किरकोळ गुन्ह्यात बसते. कित्येकदा तर आरोप गंभीर असतो, पण सरकारी वकील आणि आरोपी यांच्यात तडजोड होते, आरोपी हलक्या कलमाखाली गुन्हा कबूल करतो आणि खटला मिटतो. अशा माणसाला केंद्राचा कायदा अडवत नाही. तो दुकानात जातो, फॉर्म भरतो, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत त्याचे नाव तपासतो, उत्तर येते की हरकत नाही, आणि तो बंदूक घेऊन बाहेर पडतो. त्याने कोणाला आणि का मारले, हे न्यायालयाच्या कागदावर लिहिलेले असते. पण यंत्रणा त्याला तो प्रश्नच विचारत नाही.

किरकोळ गुन्ह्यासाठी बंदूक काढून घेणे ही काही नवलाई नव्हे. १९९६ मध्ये अमेरिकन संसदेने ठरवले की बायकोला किंवा घरातल्या माणसाला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेला माणूस, गुन्हा किरकोळ कलमाखालचा असला तरी, बंदूक ठेवू शकणार नाही. कारण साधे होते. घरात आज थप्पड मारणारा उद्या काय करील, हे पोलिसांनी आणि डॉक्टरांनी खूपदा पाहिले होते. हाच न्याय द्वेषाच्या गुन्ह्यालाही लावावा, एवढीच मागणी आहे. शाळेत शिकवणाऱ्याला यात काही नवे वाटत नाही. वर्गात एखादा मुलगा दुसऱ्याला त्याच्या जातीवरून किंवा धर्मावरून डिवचू लागला, तर आम्ही पहिल्यांदा त्याच्या हातातला कर्कटक काढून ठेवतो, समजावणे नंतर.

ही मागणी संसदेत आली २०१६ मध्ये, आणि कशामुळे आली ते आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १२ जून २०१६ रोजी फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात समलिंगी लोकांच्या एका क्लबमध्ये ४९ माणसे मारली गेली. मारणारा मुसलमान नावाचा होता. त्यानंतर काही दिवसांतच सिनेटर बॉब केसी यांनी ‘डिसआर्म हेट’ नावाचे विधेयक मांडले, आणि प्रतिनिधीगृहात डेव्हिड सिसिलिनी यांनी ते लावून धरले. द्वेषाच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्याला बंदूक मिळू नये, असे त्यात होते. म्हणजे जो कायदा उद्या मशिदींना थोडे संरक्षण देईल, त्याची मागणी आपल्या नावाच्या माणसाने केलेल्या कत्तलीतून पुढे आली. आम्हाला हे लिहिताना संकोच वाटतो, पण लपवावेसे वाटत नाही. द्वेषाचा कायदा दोन्ही बाजूंना सारखाच लागतो, आणि तसाच लागला पाहिजे. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायसमितीने हे विधेयक पुढे पाठवले, पण त्याचा कायदा झाला नाही.

काही राज्ये मात्र थांबली नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०१८ पासून तिथे द्वेषाच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला दहा वर्षे बंदूक बाळगता येत नाही.

विरोधकांचे म्हणणे आहे की शस्त्र बाळगणे हा घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क आहे, तो लहानशा गुन्ह्यासाठी कसा काढता? आपल्याला हे विचित्र वाटते, कारण आपल्याकडे बंदूक परवान्याने मिळते, हक्काने नव्हे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात तर हिंसेच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यावरही पाच वर्षे बंदूक घेता येत नाही. पण तिकडे हा आक्षेप वजनदार आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितले की ज्याच्यापासून घरच्यांना धोका आहे असे न्यायालयाने ठरवले आहे, त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते. द्वेषाच्या गुन्ह्याबद्दल तो निकाल नव्हता, पण त्यामुळे दार थोडे किलकिले झाले आहे.

दुसरी अडचण आम्हाला जास्त सतावते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ गावी एका बारमध्ये हैदराबादकडचा अभियंता श्रीनिवास कुचीभोतला याला ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असे ओरडत एकाने गोळी घातली. श्रीनिवास हिंदू होता आणि मारेकऱ्याला तो इराणी वाटला. असे मारेकरी बहुतेक वेळा आधी कधी द्वेषाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले नसतात. म्हणजे हा कायदा झाला असता तरी त्यांच्यातले बरेचजण सुटले असते. न्यूझीलंडने यावर वेगळा मार्ग काढला. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जण शहीद झाले, त्यात पाच भारतीय होते. मारेकऱ्याकडे रीतसर परवाना होता. आता तिथे परवाना देताना तो माणूस द्वेष किंवा हिंसा पसरवतो का, हेही बघता येते, शिक्षा झालेली असो वा नसो. आम्हाला हे अधिक नेमके वाटते. फक्त पोलीस ते प्रामाणिकपणे वापरतील, अशी खात्री हवी.

आमचा एक जुना विद्यार्थी टेक्सासात नोकरी करतो. दर जुम्म्याला त्याच्या अम्मी इकडून फोन करतात आणि बजावतात, ‘बेटा, नमाजला दरवाजाजवळच्या सफमध्ये बसू नकोस.’ मागच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा सांगत होता, जमातीने आता दारावर पहारेकरी ठेवला आहे, दर महिन्याचा खर्च वर्गणीतून निघतो. अम्मींनी विचारले, ‘त्याच्याकडे बंदूक आहे का?’

‘आहे ना,’ तो म्हणाला. ‘तिकडे सगळ्यांकडेच असते.’